राजर्षी शाहू छत्रपती आणि करवीरची विद्यार्थिगृहे

थोर पुरुषांच्या चरित्राचे मनन हा आत्मपरीक्षणाचा एक सुलभ मार्ग होय. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांचीच चरित्रे येतात आणि ते स्वाभाविकही आहे. आपल्या माणसांची आठवण आपण ठेविली नाही तर दुसरे कोण ठेवणार? तथापि यंदा आम्ही मुद्दाम असे चरित्र निवडिले आहे की, ज्यावर कोणत्याही एका ज्ञातीस वा एका धर्मास आपला एकटीचा हक्क सांगता येणार नाही. करवीराधिपती श्रीमद् राजर्षी शाहू छत्रपती यांचे हे चरित्र होय.

ही निवड करण्यास आणखीही एक कारण आहे. आमच्या समाजातील तरुण मंडळी अलीकडे आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. या काळात ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन काय? एका ज्ञातीने आपल्यापुरती घरे बांधावी, आपल्यापुरत्या शिष्यवृत्त्या द्याव्या, हे कितपत योग्य? प्रश्न कडू आहे, पण खोटा नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो असता आमची दृष्टी साहजिकच कोल्हापुराकडे वळली. कारण आपल्याकडे ज्ञातिवार विद्यार्थिगृहांची परंपरा ज्या एका पुरुषाने जोमाने वाढविली, तोच पुरुष ज्ञातिभेदाचा सर्वांत कडवा वैरी होता. आणि हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत व ख्रिस्ती यांस एका नगरात एकमेकांच्या शेजारी नांदविण्याचे कार्यही त्याच्याच हातून घडले. या दोन गोष्टींचा मेळ त्याने कसा घातला, हे पाहणे आम्हां सर्वांस उपयुक्त ठरेल.

जन्म, दत्तविधान व शिक्षण

शाहू महाराजांचा जन्म दिनांक २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. पित्याचे नाव जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व मातेचे नाव राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निवर्तल्यानंतर त्यांच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनी दिनांक १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले आणि त्या दिवसापासून ते शाहू छत्रपती झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते.

त्यांचे शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनांक २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. शरीराने धिप्पाड, कुस्तीचे व शिकारीचे शौकीन, बोलण्यात साधे आणि राहणीत त्याहून साधे असे हे तरुण राजे. रयतेत मिसळण्याची त्यांस मनस्वी आवड. परंतु गादीवर बसताच त्यांनी दरबाराची दप्तरे चाळली, तेव्हा जे चित्र त्यांच्या दृष्टीस पडले, त्याने त्यांच्या उर्वरित आयुष्याची दिशा ठरविली.

दप्तरांतील चित्र

कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या त्या काळी सुमारे नऊ लाख होती. तीत मराठा, कुणबी, धनगर, लिंगायत, जैन, मुसलमान, महार, मांग, चांभार, ढोर, सुतार, शिंपी, नाभिक असे नाना लोक होते. मात्र १८९४ साली संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण वर्गाच्या हाती होत्या. यात कोणा व्यक्तीचा दोष होता असे नव्हे. विद्या एका वर्गाकडे होती, म्हणून अधिकारही त्याच वर्गाकडे होता. उरलेल्या रयतेची मुले शाळेचा उंबरठा ओलांडीत नसत, आणि ज्यांनी तो ओलांडला, त्यांस कोल्हापुरासारख्या शहरात राहावयास जागा मिळत नसे. खेड्यातील मुलगा शहरात आला, तर तो जेवणार कोठे, निजणार कोठे, हा प्रश्न त्याच्या बुद्धीपेक्षा मोठा होऊन बसे. आज आमच्या मुलांस हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्या काळी विद्येच्या वाटेवरील सर्वांत उंच भिंत अन्नाची व आसऱ्याची होती.

हे ओळखून महाराजांनी १८९६ साली सर्व ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. हेतू उदात्त होता. एकाच छपराखाली सर्व मुले राहतील, ही त्यामागील कल्पना. परंतु थोड्याच काळात अनुभव असा आला की, त्या घरात इतर ज्ञातींच्या मुलांचा टिकाव लागेना, आणि ते बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच वसतिगृह होऊन बसले. दार सर्वांस उघडे ठेविले म्हणून सर्व आत येतात असे नाही. ज्यास आत आल्यावर आपल्या ताटाची व आपल्या सोवळ्याओवळ्याची धास्ती वाटते, तो दाराबाहेरच थांबतो. महाराजांनी या अनुभवाने निराश न होता निराळी वाट धरिली. प्रत्येक समाजास त्याचे स्वतःचे घर द्यावे, त्या घराचा कारभार त्याच समाजातील जबाबदार गृहस्थांनी पाहावा, आणि दरबाराने जागा, इमारत व वर्षासन यांची तरतूद करून पाठीशी उभे राहावे, अशी ही योजना होती.

घरामागून घर

१९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही निघाले. १९०६ साली मुसलमान समाजाची शिक्षणसंस्था, १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांचे वसतिगृह, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९१५ साली इंडियन ख्रिश्चन वसतिगृह, असा हा क्रम वाढत गेला. शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, सुतार, नाभिक इत्यादी समाजांनीही महाराजांच्या आश्रयाने आपापली विद्यार्थिगृहे उभारली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सारस्वत व प्रभू हे समाज मागासलेले नव्हते. तरीही त्यांच्या विद्यार्थिगृहांस महाराजांनी हात दिला. मागासलेल्यास आधी व अधिक द्यावे, परंतु मागणाऱ्या कोणासही विन्मुख पाठवू नये, हे त्यांचे सूत्र होते.

या सर्व घरांत मुसलमान समाजाच्या विद्यार्थिगृहाची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. मराठा व जैन समाजांत त्या वेळी पुढाकार घेणारे काही गृहस्थ होते. मुसलमान समाजात शिक्षणाची आस्था असलेली माणसे विखुरलेली होती. संस्था उभी करून चालविण्याइतके बळ त्यांच्यात आलेले नव्हते. महाराजांनी प्रथम काही मुसलमान विद्यार्थ्यांस मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतले. पुढे १९०६ साली त्यांनी शहरातील प्रमुख मुसलमान नागरिकांस एकत्र बोलाविले व मोहामेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. अध्यक्षपद घ्यावयास कोण, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा एका हिंदू छत्रपतीने ते स्वतःकडे घेतले. बोर्डिंगसाठी २५,००० चौरस फूट जागा आणि इमारतीसाठी ५,५०० रुपये दरबारातून देण्यात आले. त्या काळचे रुपयाचे मोल ध्यानी घेतले म्हणजे ही देणगी केवढी मोठी होती, हे उमजते.

पण आमच्या मते देणगीहून अध्यक्षपद मोठे. पैसा देणारे राजे पुष्कळ झाले. दुसऱ्या धर्माच्या मुलांची हजेरी, त्यांचे जेवण, त्यांचा अभ्यास यांची चिंता आपल्या शिरावर घेणारा राजा विरळा. ज्याचे घर उभे नाही, त्याचे घर उभे राहीपर्यंत आपण त्याचा कारभारी व्हावे, ही शेजारधर्माची परमावधी होय.

याच भावनेने महाराजांनी पवित्र कुराणाचे मराठी भाषांतर करविण्याचे मनावर घेतले आणि त्याकरिता २५,००० रुपयांची तरतूद केली. कोल्हापूर प्रांतीचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखात राहिलेले, शेतीभाती व कारागिरी करणारे. त्यांच्यापैकी बहुतेकांस अरबी भाषेचा गंध नव्हता. आपला धर्म आपणांस उमजेल अशा भाषेत वाचता यावा, आणि शेजाऱ्यासही तो वाचता यावा, हा त्यातील हेतू स्पष्ट आहे. हे भाषांतर महाराजांच्या हयातीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकले नाही. तरी हा संकल्प त्यांच्या मनाचा कल दाखविण्यास पुरेसा आहे. शेजाऱ्याच्या धर्माविषयीचे अज्ञान हेच बहुतेक कलहांचे मूळ असते, हे त्यांनी जाणले होते.

घरे निराळी, शाळा एक

या योजनेचे मर्म आता सांगितले पाहिजे. विद्यार्थिगृहे निराळी होती, शाळा मात्र निराळ्या नव्हत्या. सकाळी मराठा बोर्डिंगातून, जैन बोर्डिंगातून, मुसलमान बोर्डिंगातून निघालेली मुले राजाराम हायस्कुलात व राजाराम कॉलेजात एकत्र येत. एकाच गुरुजींपुढे बसत, आणि परीक्षेत एकमेकांशी स्पर्धा करीत. सायंकाळी ती आपापल्या घरी परतत. आजही कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले असता हे सारे डोळ्यांपुढे येते. चौकात महाराजांचा पुतळा आहे. एका बाजूस मुस्लिम बोर्डिंग, जवळच दिगंबर जैन बोर्डिंग, लगत लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ. जणू एका वाड्याच्या चौकाभोवती निरनिराळ्या भावांच्या खोल्या असाव्या, तशी ही घरे आहेत. प्रत्येकाची चूल निराळी, पण अंगण एक.

दिनांक २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी जो प्रसिद्ध हुकूम काढिला, त्यातही हीच दृष्टी दिसते. त्या वेळी ते सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेत होते. यापुढे संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्या, असा तो हुकूम होता. मागासलेले कोण, हे ठरविताना धर्म पाहिला नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व, अशी ती व्याख्या होती. त्यामुळे मुसलमान, जैन व लिंगायत हे मराठ्यांच्या व महारांच्या बरोबरीने त्या हुकमाचे लाभार्थी झाले. राज्यात स्थान मिळविण्यासाठी कोणासही धर्म पुढे करावा लागला नाही, अथवा लपवावाही लागला नाही.

पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला व त्यासाठी दरबाराने प्रतिवर्षी एक लाख रुपयांची सोय केली. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम झाला. वसतिगृहांच्या बाबतीत निराळेपण सोसणाऱ्या महाराजांनी शाळेच्या बाबतीत ते सोसले नाही. निराळेपण किती चालू द्यावे आणि कोठे थांबवावे, याचा त्यांचा विवेक पक्का होता.

कलावंत, मल्ल व धर्मसुधारक

शाळा व कचेरी यांपलीकडेही महाराजांच्या दरबारात सर्व धर्मांच्या गुणवंतांस मानाचे स्थान होते. उस्ताद अल्लादियाखाँसाहेब हे कोल्हापूरचे दरबार गायक होते आणि महाराजांच्या निधनापर्यंत ते कोल्हापुरातच राहिले. जयपूर घराण्याची गायकी महाराष्ट्राच्या मातीत रुजली, ती या आश्रयामुळे. पुढे त्यांच्या तालमीत केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या श्रेष्ठ गायिका तयार झाल्या, हे सर्वश्रुतच आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांसही महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोल्हापूरच्या कोटितीर्थाची या मुसलमान कलावंताने रंगविलेली दृश्ये रसिकांच्या आदरास पात्र झाली आहेत. खासबागेच्या मैदानात उत्तरेकडील मुसलमान मल्ल व आमच्या मुलखातील मल्ल लाल माती एकमेकांच्या अंगास लावीत व हजारो प्रेक्षक दोघांचेही कौतुक करीत. गाणे, चित्र व कुस्ती यांस धर्म नाही, असे आपण म्हणतो. कोल्हापुरात ते रोजच्या व्यवहारात खरे झाले.

धर्मविचारांच्या बाबतीतही तीच उदारता होती. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली, तिला महाराजांचा पाठिंबा होता. १९१८ साली आर्य समाजाचे कार्य तेथे सुरू झाले, आणि पुढील वर्षी राजाराम कॉलेजाची व्यवस्थाही आर्य समाजाकडे सोपविण्यात आली. सत्यशोधक व आर्य समाज यांचे विचार सर्वस्वी एक नव्हते. एकास वेदप्रामाण्य मान्य नव्हते. दुसऱ्याचा तर तोच पाया होता. ख्रिस्ती मिशनऱ्यांची मते दोघांहून निराळी. पण जो कोणी विद्या देईल, रोग्याची शुश्रूषा करील व माणसास माणूस म्हणून वागवील, त्यास महाराजांच्या संस्थानात जागा होती.

कलहही झाले

महाराजांचे आयुष्य केवळ सलोख्याचे होते असे सांगणे सत्यास सोडून होईल. राज्यारोहणानंतर काही वर्षांतच वेदोक्ताचे प्रकरण उपस्थित झाले. छत्रपतींच्या घरची धर्मकृत्ये वेदोक्त मंत्रांनी करण्यास राजोपाध्यांनी नकार दिला आणि त्यातून अनेक वर्षे चाललेला कडवा वाद पेटला. दोन्ही पक्षांकडून तीव्र शब्द वापरले गेले. वृत्तपत्रे विभागली, घरे विभागली. या वादाची झळ निरपराध माणसांसही लागली असेल. आमच्या मते मात्र या वादाने महाराजांस एक मोठा धडा दिला. छत्रपतीच्या गादीवर बसलेल्या माणसासही धर्माच्या दारात कमी लेखले जाते, तर रयतेतील दुबळ्याची काय कथा! स्वतःच्या अपमानाचे दुःख स्वतःपुरते न ठेविता त्यांनी ते इतरांच्या अपमानाशी जोडून पाहिले. त्यातच त्यांच्या थोरवीचे बीज आहे.

गंगाराम कांबळे यांची कथा कोल्हापुरात सर्वांच्या तोंडी आहे. अस्पृश्य मानलेल्या या सेवकास पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामास चहाचे दुकान काढून दिले. दुकान निघाले तरी तेथे जाऊन चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसही तो घ्यावा लागला. हुकूम काढून जे साधले नसते, ते एका पेल्याने साधले.

भाऊराव पाटलांची गोष्ट

आता आम्ही ज्या प्रश्नापासून आरंभ केला, त्याकडे वळतो. ज्ञातिवार विद्यार्थिगृहांनी ज्ञातिभेद वाढणार नाही काय, असा आक्षेप महाराजांच्या हयातीतच घेतला जात होता. आक्षेप निराधार नव्हता, याचे उदाहरण कोल्हापुरातच घडले.

१९०८ साली मिस क्लार्क वसतिगृहाचा समारंभ झाला. जैन बोर्डिंगात राहणारा कुंभोजचा एक तरुण विद्यार्थी त्या समारंभास गेला. परत आल्यावर बोर्डिंगच्या चालकांनी त्यास सांगितले की, अस्पृश्यांच्या समारंभास जाऊन आल्यामुळे स्नान केल्यावाचून भोजनगृहात येता येणार नाही. त्या तरुणाने स्नान करण्याचे साफ नाकारले. परिणामी त्यास बोर्डिंग सोडावे लागले. तोच तरुण पुढे कर्मवीर भाऊराव पाटील या नावाने महाराष्ट्रास वंदनीय झाला.

या प्रसंगात ज्ञातिगृहाचे दोन्ही गुणधर्म एकत्र दिसतात. त्या घराने भाऊरावांस कोल्हापुरात आसरा दिला. ते नसते तर कुंभोजचा मुलगा शहरात शिकता ना. आणि त्याच घराने, शेजारच्या घरी गेल्याबद्दल, त्यांस बाहेर काढिले. शिडी व भिंत ही दोन्ही एकाच लाकडाची होतात. उभी धरिली तर चढता येते, आडवी टाकिली तर वाट अडते.

भाऊरावांनी या अनुभवाचा कडवटपणा मनात ठेविला नाही. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली सातारा येथे सर्व ज्ञातींच्या व सर्व धर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढिले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. त्या वसतिगृहास त्यांनी नाव दिले ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे. १९२७ साली महात्मा गांधी तेथे येऊन गेले. ज्या पुरुषाने ज्ञातिवार घरे बांधविली, त्याचे नाव सर्व ज्ञातींच्या एका घरास दिले जावे, यात वरवर विसंगती दिसेल. वस्तुतः त्यात महाराजांच्या कार्याचे अचूक आकलन आहे. १८९६ साली जे घर महाराजांस उभे करता आले नाही, ते २८ वर्षांनी त्यांच्या छत्राखाली वाढलेल्या विद्यार्थ्याने उभे करून दाखविले. मधल्या काळात त्या निरनिराळ्या घरांनी एक पिढी शिकविली होती. आता ती पिढी एका पंक्तीस बसण्याइतकी निर्भय झाली होती. ज्ञातिगृह हे मुक्कामाचे ठिकाण नाही, वाटेवरची धर्मशाळा आहे, हा महाराजांच्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ आम्हांस येथे लागतो.

अखेर

१९१९ साली कानपूर येथील कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत महाराजांस राजर्षी ही पदवी अर्पण करण्यात आली. १९२० च्या मार्च महिन्यात माणगाव येथील परिषदेस ते आवर्जून उपस्थित राहिले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या रूपाने अस्पृश्य वर्गास स्वतःचा पुढारी लाभल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. येथेही त्यांची जुनी रीत दिसते. ज्याचे घर त्याने चालवावे; आपण पाठीशी उभे राहावे. परंतु अतिश्रमाने व मधुमेहादी व्याधींनी त्यांचे शरीर पोखरले होते. दिनांक ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांनी देह ठेविला. रयतेचे छत्र हरपले.

त्यांच्या निधनास शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी, म्हणजे ६ मे २०२२ रोजी, सारे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. रस्त्यावरची वाहने थांबली, दुकानांतील व्यवहार थांबले. तो प्रसंग ज्यांनी अनुभविला, त्यांचे डोळे पाणावले. आणि त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, त्याच शहरात धर्माच्या नावाने दगड उचलले गेले, दुकाने फुटली व काही काळ इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, शंभर सेकंद स्तब्ध उभे राहणे सोपे. महाराजांनी सुमारे २८ वर्षे रोज जे केले, ते अवघड. पुतळ्यास हार घालून तो वारसा टिकत नाही. तो शेजाऱ्याच्या मुलाची फी भरून, त्याच्या सणास जाऊन, त्याच्या अडचणीस धावून टिकतो.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आमचे मंडळही महाराजांच्या त्या कालखंडाचेच अपत्य आहे. खेड्यातून आलेल्या आपल्या मुलांस शहरात आसरा मिळावा, एवढ्याच हेतूने आपल्या वाडवडिलांनी पै-पैसा जमविला. त्या पुण्याईवर आज आपली मुले डॉक्टर, इंजिनियर, अध्यापक व अधिकारी झाली आहेत. या स्मरणिकेच्या मागील पानांवर गुणवंत विद्यार्थ्यांची यादी आपण दरवर्षी अभिमानाने वाचतो. ती पाहिली म्हणजे शिडीने आपले काम बजाविले, यात शंका उरत नाही. आता तीच शिडी कोणाच्या वाटेत आडवी तर पडली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

यास्तव आम्ही नम्रपणे सुचवितो की, आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून दरवर्षी निदान काही शिष्यवृत्त्या अन्य समाजांच्या व अन्य धर्मांच्या गरजू विद्यार्थ्यांस द्याव्या, आणि त्यांची निवड करताना गरज व गुण यांवाचून दुसरे काही पाहू नये. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनेचा विचार व्हावा. कोणी म्हणतील की, आपल्याच समाजात गरजू कमी आहेत काय? नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु करवीरच्या छत्रपतींस मराठा विद्यार्थ्यांची गरज ठाऊक असूनही त्यांनी मुसलमान मुलांस मराठा बोर्डिंगात जागा दिली, आणि त्यामुळे मराठ्यांचे काही उणे झाले नाही. महाराष्ट्रात २६ जून हा महाराजांचा जन्मदिन सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. पुढील वर्षी त्या दिवशी आपल्या निधीतील पहिली अशी शिष्यवृत्ती आपण देऊ शकलो, तर ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन काय, या आपल्या मुलांच्या प्रश्नास आपण तोंडाने नव्हे, हाताने उत्तर दिले असे होईल.